फ्लॅनेलचा गाऊन

पार्सल आलं तेव्हा चिमी एका गिऱ्हाइकाच्या चष्म्याची काडी गरम करून वळवत होती. पन्नाशी उलटली तरी सगळा बाजार तिला चिमीच म्हणायचा, आणि या चष्म्याच्या दुकानाची ती मालकीण होती. पार्सलात आईची कादंबरी होती. आई गेल्यानंतर ती पहिल्यांदाच नव्याने निघणार होती, त्याची ही नमुन्याची प्रत. चिमीने हौसेने कागद फाडला, मुखपृष्ठ पाहिलं, आणि हातातली काडी कटकन मोडली.

"अहो बाई, माझा चष्मा!"

"नवा देते. फुकट देते. थांबा जरा."

मुखपृष्ठावर एक बाई जिना उतरत होती. अंगात पांढरा तलम गाऊन, एक खांदा उघडा, मागून चांदणं, आणि त्या चांदण्यात दिसायला नको ते सगळं दिसत होतं. चित्रकाराचा उत्साह दांडगा असेल, असं म्हणून चिमीने तो घोट गिळला असता. पण तिने आतलं गाऊनचं प्रकरण उघडलं. 'रेशमाचा झुळझुळीत गाऊन तिच्या अंगाशी लगट करत होता.'

"लगट!" चिमी एवढ्या जोरात ओरडली की गिऱ्हाईक चष्म्याविनाच दाराकडे सरकलं.

हे वाक्य आईचं नव्हतं. आई टेलिफोनच्या कार्यालयात ऑपरेटर होती आणि सुट्टीत वाचनालयातल्या जुन्या कादंबऱ्या वाचून दात-ओठ खायची. "या बायका आजारी पडतात रेशमात, पळून जातात रेशमात, मरतात तेही रेशमात," ती म्हणायची. "एकीला तरी थंडी वाजते का? एकीच्या तरी गाऊनला तेलाचा डाग असतो का? आणि झोपेतून उठलेल्या बाईचे केस असे?" मग तिने स्वतःच्या नायिकेला स्वतःचाच गाऊन दिला. तपकिरी चौकड्यांचं फ्लॅनेल, विरलेली कॉलर, कोपरावर भलत्याच रंगाचं ठिगळ, आणि छातीवर पेन्सिलीसाठी शिवलेला खिसा. मुलं उठायच्या आत ती लिहायला बसायची, त्यासाठी तो खिसा.

एका सकाळी, दादा शाळेला निघून गेल्यावर, बाबा नेहमीपेक्षा लवकर उठले. चहा झाला नव्हता आणि टेबलभर कागद पसरलेले होते. त्यांनी ते गोळा केले आणि खिडकीतून खाली फेकले. आई तशीच धावत खाली गेली. बाबांनी आतून कडी घातली. माणसं कामाला निघाली होती. ती कागदांवर पाय देऊन जात होती आणि गाऊनकडे बघत होती. आईने एकेक कागद उचलला, वर येऊन दार वाजवलं, पुन्हा वाजवलं, आणि मग त्याच गाऊनमध्ये चालत कामाला गेली. दिवसभर तिने स्विचबोर्डवर बसून लोकांचे फोन जोडून दिले. चिमीने तिला वळणापर्यंत खिडकीतून पाहिलं होतं. त्या सकाळचंच हे प्रकरण होतं.

दुपारी दुकानाचं शटर ओढून ती प्रकाशकाकडे गेली. त्याने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि समजूत घालायला सुरुवात केली.

"ताई, जुन्या कादंबरीची एक नजाकत असते. लोकांना ते जुनं जग हवं असतं. मेणबत्ती, जिना, रेशीम."

"ही त्या कादंबऱ्यांवर चिडून लिहिलेली आहे! तुम्ही तिला त्यांच्याच पंगतीत बसवताय."

"फ्लॅनेल कोण विकत घेणार, सांगा ना?"

"आईने अंगात घातलेलं तुम्ही उतरवलंत. मेलेल्या बाईचं. लाज वाटते का?"

प्रकाशकाचा आवाज एकदम कोरडा झाला. "तुमच्या दादांना सगळे बदल दाखवले होते. त्यांचा होकार आहे. तुम्ही अडून बसलात तर पुस्तक निघणार नाही, आणि ते तुमच्यामुळे. घरी जाऊन विचार करा."

दादा मोटार चालवायला शिकवायचा. चिमीने त्याला मैदानाच्या कडेला गाठलं. शिकणारी मुलगी नुकतीच उतरली होती. चिमी तिच्या जागी, स्टीअरिंगमागे, धाडकन बसली.

"तू होकार दिलास?"

"दिला. त्यात काय एवढं?"

"वाचलंस तरी का?"

 दादाचा पाय उगाचच त्याच्या बाजूच्या ब्रेकवर गेला.

"म्हणजे जुनंही वाचलं नाहीस. आईचं पुस्तक. इतक्या वर्षांत!"

"नाही वाचलं!" दादा उसळला. "तू खिडकीत होतीस, चिमे. मी शाळेच्या वाटेवर होतो, मित्रांबरोबर. ती समोरून आली, ते ठिगळ, ते विस्कटलेले केस. पोरांनी मला वर्षभर गाऊन म्हणून हाक मारली. मी तिला ओळख दाखवली नाही. मग पुस्तकात तरी दिसू दे की चांगली! काय बिघडतं?"

"तुला ती चांगली दिसायला हवीय. कुणी बाहेर काढलं ते नको दिसायला."

"बाबांना मध्ये आणू नकोस."

"मी आणू नको? कडी कुणी घातली?"

तिने आपली जुनी प्रत त्याच्या मांडीवर आपटली आणि उतरून दार असं लावलं की काच थरथरली.

काही दिवसांनी दादा दुकानात आला. डोळे लाल, वाचून किंवा कशाने. प्रत काउंटरवर ठेवून म्हणाला, "यात बाबा नाहीतच. कागद म्हणे वाऱ्याने उडाले. दारही वाऱ्यानेच लागलं. कुठला वारा? पान हलत नव्हतं त्या दिवशी!"

"माहीत आहे मला."

"मग? गाऊनचा टाका न् टाका खरा, आणि तेवढंच खोटं?"

"मीही भांडले होते तिच्याशी. ती म्हणाली, 'ते याच टेबलावर जेवायला बसतात. मला पुढचं पुस्तकही लिहायचंय.'"

दादा स्टुलावर बसला. बराच वेळ त्याने एक रिकामी फ्रेम उघडली, मिटली, उघडली. मग काउंटरवरचा फोन ओढून त्याने प्रकाशकाचा नंबर फिरवला.

"तो गाऊन होता तसा घाला. हो, ठिगळासकट... कोण म्हणालं तलम होता? मी पाहिलाय तो! मी समोर होतो!... मग नका काढू. खड्ड्यात गेलं तुमचं रेशीम!"

त्या प्रकाशकाने पुस्तक खरंच काढलं नाही. दुसरा अजून मिळालेला नाही. चिमीला वाटतं, आईचं लिहिणं आपल्या हट्टापायी कपाटात पडून राहिलंय, आणि तसं वाटलं की ती प्रकाशकावर चिडते, मग बाबांवर, मग त्या वाऱ्यावर. दादाचं म्हणणं वेगळं आहे. पुस्तक निघेल तेव्हा सुरुवातीला दोन पानं त्याला लिहायची आहेत, आणि त्यात वारा नसेल. यावरून दोघांचं रोज वाजतं.

"तिच्या पुस्तकात तू कोण लिहिणारा?" चिमी म्हणते.

"तिचा मुलगा," दादा म्हणतो. "रस्त्यात तोंड फिरवलेला."