घरट्याची रजा

'परसातले पाहुणे' या ग्रुपचे सगळे नियम टोळआजोबांनी केले होते, आणि टोळआजोबांना नियमांची भारी हौस. गुलाबाच्या फुलावर सुप्रभात लिहून पाठवायचं नाही. दुसऱ्याच्या बागेतला फोटो आपला म्हणून खपवायचा नाही. राजकारण नाही, औषधपाणी नाही, दुखणीखुपणी तर अजिबात नाहीत. 'त्यासाठी ज्याचे त्याचे नातेवाईक आहेत' असं आजोबांनी ठणकावून लिहिलं होतं. खरं नावही सांगायचं नाही. ज्या जिवाचा फोटो तुम्ही पहिल्यांदा टाकलात, तेच तुमचं नाव.

या नियमापायी ड्रायव्हिंग स्कूल चालवणाऱ्या, खणखणीत आवाजाच्या एका बाईचं नाव गोगलगाय पडलं. दिवसभर ही बाई शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून 'क्लच! अहो क्लच!' असं ओरडायची, आपल्या बाजूच्या ब्रेकवर पाय ठेवून स्वतःचा आणि रस्त्यावरच्या लोकांचा जीव वाचवायची. संध्याकाळी मात्र घरामागच्या एवढ्याशा बागेत स्टूल टाकून बसली की अर्धा अर्धा तास हलायची नाही. ग्रुपवर ती गोगलबाई झाली, आणि तिलाही ते आवडलं. नवरा गेल्यापासून तिला नव्या नावाने कुणी हाक मारली नव्हती.

ग्रुपमध्ये माणसं पुष्कळ होती, पण गोगलबाईचा जीव जडला तो बेडूकताईवर. ही ताई मोटारीने चार तासांच्या अंतरावर राहायची. तिचे फोटो नेहमी जमिनीलगतचे. कुंडीखालचा बेडूक, दगडाआडची गोम, पानाच्या पोटाशी चिकटलेली अंडी. फोटो काढताना ती चक्क मातीत आडवी होत असणार, कारण एकदा फोटोच्या कोपऱ्यात तिचं चिखलाने बरबटलेलं कोपर आलं होतं. गोगलबाईने त्याखाली 'हा प्राणी ओळखीचा वाटतो' असं लिहिलं, आणि तिथून दोघींचं वेगळं बोलणं सुरू झालं.

मग काय, वर्षानुवर्षं चालूच. कुकरची शिट्टी बिघडली तरी एकमेकींना सांगायचं. आज एका शिकाऊने कचऱ्याचा डबा उडवला. आज ताईचा मुलगा जेवताना चार वाक्यं बोलला, म्हणजे सणच. बेडूकताई सहसा टाइप करायची नाही, पाच पाच मिनिटं आवाजातच बोलायची, मध्ये नळ सोडल्याचा आवाज, मध्ये 'हट् मेल्या' असं मांजराला. गोगलबाई ते भांडी घासताना ऐकायची आणि एकटीच हसायची. माडीवर राहणारी तिची जाऊ म्हणायची, "मोबाइलमधल्या मैत्रिणीशी एवढं, आणि आमच्याशी बोलायला तोंडाला कुलूप!"

ग्रुपचा एक रिवाज मात्र आजोबांचा नव्हता, तो बेडूकताईने पाडला होता. ज्याच्या घरी घरटं, त्याने घर सोडायचं नाही. तिच्या स्कूटरच्या हँडलवर एकदा एका पाखराने घरटं बांधलं, तर ही बाई स्कूटरला हात न लावता सगळीकडे पायी फिरली, सख्ख्या भाचीच्या लग्नालाही गेली नाही. नातेवाइकांनी नाकं मुरडली, पण ग्रुपने तिला डोक्यावर घेतलं. तेव्हापासून कुणाकडे अंडी दिसली की तो माणूस जाहीर करायचा, 'मी घरट्याच्या रजेवर.' मग त्याला कुणी कुठे बोलवायचं नाही, आणि त्याने मांजरावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं.

त्या वर्षी बेडूकताईचे फोटो बदलले. मातीतला बेडूक नाही, गोम नाही. वरून घेतलेले, खिडकीच्या काचेतून, धुरकट. फांदीवर एखादा पक्षी, तोही अर्धा. ग्रुपवर एका फोटोवरून दोन दिवस वाद रंगला, तो दयाळ नर की मादी. आजोबांनी शेपटी मोठी करून पाहिली, कुणी पंखाखालचा रंग मोठा करून पाहिला. 'ताई, काच पुसा आधी,' असा शेरा आला. गोगलबाईनेही सगळ्यांसमोर लिहिलं, 'आळशी झालीस काय गं? खाली उतर की बागेत!'

'उतरते हं,' एवढंच बेडूकताईचं उत्तर आलं, पुढे हसरा चेहरा.

फोटोतली पिसं मोजणाऱ्या त्या पन्नास डोळस माणसांपैकी एकालाही वाटलं नाही की हा फोटो काढणारी बाई खिडकीशी का खिळली आहे. पाखरू बघायचं म्हणजे पाखरूच बघायचं, अशी सवय लागली होती सगळ्यांना.

थोड्याच दिवसांत गोगलबाईला बेडूकताईचा आवाजातला निरोप आला. पाच मिनिटांचा नाही, छोटासाच. "गोगले, एकदा ये ना गं. नुसतं बसू. मी काही करणार नाही हं, चहा तुलाच करावा लागेल." मागोमाग घराचा पत्ता दाखवणारा नकाशा.

गोगलबाईला इतका आनंद झाला की त्या दिवशी तिने एका शिकाऊला विनाकारण शाबासकी दिली. इतक्या वर्षांत दोघींनी एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं. जायचं तर नीट जायचं, केस रंगवून, गाडी धुऊन, बेडूकताईसाठी कुंडीत लावलेली ती जांभळी वेल बरोबर घेऊन. तिने मनात शनिवार ठरवला. आणि गुरुवारी सकाळी, स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेरच्या वेलीत, बुलबुलाच्या घरट्यात तिला तीन अंडी दिसली.

आता काय करायचं? जाऊ म्हणाली, "त्यात काय एवढं? तू जा खुशाल. मी बघते तुझी अंडी."

"तुला जमायचं नाही," गोगलबाई म्हणाली. "तू दुपारी घोरत पडतेस, आणि शेजारचा बोका तेव्हाच येतो."

जाऊ फणकाऱ्याने वर निघून गेली. गोगलबाईने बेडूकताईला कळवलं, 'अगं, बुलबुलाने अंडी घातलीत. मी घरट्याच्या रजेवर. पिल्लं उडाली की दुसऱ्या दिवशी गाडी काढते, शब्द देते.'

निरोप वाचल्याची खूण लगेच आली. उत्तर मात्र बऱ्याच वेळाने आलं. 'मग नको हलूस. घरटं म्हणजे घरटं.'

गोगलबाईचा जीव भांड्यात पडला. हिच्याशिवाय हे कोण समजून घेणार, असंही तिला वाटलं.

मग सुरू झाली राखण. शिकवणीच्या वेळा तिने सकाळी लवकरच्या करून घेतल्या, दुपारभर खिडकीशी बसायची, हातात पाण्याचा फवारा, बोक्यासाठी. अंडी फुटली. गुलाबी, आंधळी, नुसती तोंडं असलेली पिल्लं ती रोज बेडूकताईला दाखवायची. बेडूकताई रोज विचारायची, 'पिसं आली का?' 'डोळे उघडले का?' 'अजून किती दिवस गं?' गोगलबाईला वाटायचं, केवढं हे पिल्लांचं वेड! निरोप लहान होत चालले होते. आवाज तर बंदच झाला होता. विचारल्यावर 'घसा बसलाय' असं उत्तर आलं, आणि गोगलबाईने कोमट पाण्याच्या गुळण्या सुचवल्या.

एका सकाळी पिल्लं उडाली. एक, मग दुसरं. तिसरं घरट्याच्या काठावर बसून राहिलं, आई समोरच्या तारेवरून ओरडत होती, आणि शेवटी तेही धडपडत, पंख आपटत पलीकडच्या झुडपात पोचलं. गोगलबाईने सगळं टिपलं होतं. तिच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. तिने ते आधी बेडूकताईला पाठवलं, मग ग्रुपवर टाकलं. ग्रुपवर नुसती झुंबड उडाली. टोळआजोबांनी स्वतःचा नियम मोडून चक्क गुलाबाचं फूल पाठवलं.

आणि बेडूकताईचं उत्तर आलं, 'वा'.

वा. बस. ना उद्गारचिन्ह पुढे, ना हसरा चेहरा. गोगलबाई दुपारपर्यंत फोन उलटसुलट करत राहिली, पुढे काही येईल म्हणून. काही आलं नाही. मग तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. इतके दिवस मी घरात कोंडून घेतलं, जावेशी भांडले, शिकवण्यांच्या वेळा फिरवल्या, ते कुणाच्या रिवाजासाठी? आणि हिला दोन शब्द लिहायला जड झाले? परक्या माणसांनी कौतुकाचा पाऊस पाडला आणि जिच्या एका वाक्यासाठी जीव टाकला, तिने नुसतं वा म्हणून वाटेला लावलं.

दुसऱ्या दिवशी तिने गाडी काढली नाही. एका शिकाऊची परीक्षा आहे, असं स्वतःला सांगितलं; ती परीक्षा तिच्याविना झाली असती. त्याच्या पुढच्या दिवशी तिने गाडी सर्व्हिसिंगला टाकली, जी पुढच्या महिन्यात टाकली असती तरी चाललं असतं. बेडूकताईला काहीच कळवलं नाही. विचारू दे की तिला आधी, असं तिच्या मनात. गाडी संध्याकाळी चकचकीत होऊन आली आणि आणखी दोन दिवस दारात उभी राहिली.

मग ग्रुपवरच्या निरोपांवर बेडूकताईची वाचल्याची खूणही येईनाशी झाली. एक सकाळ गेली. दुसऱ्या सकाळी गोगलबाईने रुसवा गिळून लिहिलं, 'काय गं, कुठे आहेस?' निरोप पोचलाच नाही. तिने फोन लावला, आयुष्यात पहिल्यांदा. फोन बंद. तेव्हा मात्र तिने गाडीची किल्ली उचलली. केस रंगवायचे राहिले, ती वेलीची कुंडी ओट्यावरच राहिली. शिकवणीची पाटी टपावर तशीच ठेवून ती निघाली, आणि मागून येणारे ट्रकवाले तिला शिकाऊ समजून लांबून वळसा घालत गेले.

घर सापडायला वेळ लागला नाही. फाटकाच्या आत प्लॅस्टिकच्या खुर्च्या एकात एक घालून ठेवलेल्या होत्या. दाराबाहेर खूप चपला. गोगलबाई पायरीपाशी थांबली. विचारायचं कुणाचं नाव? ज्या बाईच्या कुकरची शिट्टी तिला माहीत होती, तिचं नाव तिला माहीत नव्हतं.

दार उघडलं ते चाळिशीतल्या एका माणसाने. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग फाटकाबाहेरच्या गाडीच्या टपावरच्या पाटीकडे पाहिलं.

"तुम्ही गोगलगाय का?" त्याने विचारलं. हसला नाही.

"हो," ती म्हणाली. "बेडूकताई..."

"आई परवा गेली."

 गोगलबाईने दाराची चौकट धरली. मुलाने तिला हाताला धरून आत नेलं, एका कोपऱ्यावरच्या खोलीत बसवलं, पाणी आणून दिलं. खोलीला दोन खिडक्या होत्या, एक मागे बागेकडे, दुसरी पुढे फाटकाकडे. मध्ये लोखंडी कॉट, गादी गुंडाळलेली.

"आजार जुनाच होता," मुलगा म्हणाला. "शेवटचे काही महिने ती या कॉटवरच होती. मी म्हटलं, कळव ना त्यांना, तर म्हणे आमच्या ग्रुपवर दुखणी चालत नाहीत. मग म्हटलं, निदान तुम्हाला तरी सांगू का, मी फोन करतो. तर माझ्यावर ओरडली. म्हणाली, तिच्याकडे पिल्लं आहेत, ती हलेल आणि बोका खाईल. थांब थोडा."

 पाण्याचा पेला गोगलबाईच्या हातात तसाच होता.

"आधी कॉट बागेकडे होती. तुमची पिल्लं उडाली ना, त्या दिवशी तिच्या बोटांत जोर नव्हता, तरी मला टाइप करू दिलं नाही. एक अक्षर लिहिलं आणि दमून गेली. मग मला म्हणाली, कॉट फिरव, मला फाटक दिसू दे, ती उद्या येणार. मी फिरवली."

खोलीत कुणीतरी डोकावून गेलं. बाहेर कपबशा धुतल्याचा आवाज येत होता.

"रोज बघत होती हो. शेवटी शेवटी मी विचारलं, परत बागेकडे वळवू का, पाखरं तरी दिसतील. नको म्हणाली."  त्याच्या आवाजात राग नव्हता, तो खरंच विचारत होता. "तुमचं काही अडलं होतं का?"

गोगलबाईने तोंड उघडलं. काय सांगायचं? की मी रुसले होते? एक अक्षर कमी वाटलं म्हणून तुमच्या आईला चार दिवस फाटकाकडे बघत ठेवलं?  

"गाडी बिघडली होती," ती म्हणाली.

मुलाने मान हलवली. तिच्या हातातला पेला हलकेच काढून घेतला.

"आईपण तेच म्हणत होती," तो म्हणाला. "रोज म्हणायची, गाडी बिघडली असेल बिचारीची, नाहीतर ती थांबणारी नाही."