नव्या बर्फाची पैज

हाजराला जाग आली ती कुठल्या आवाजाने नव्हे, एकही आवाज नव्हता म्हणून. गल्लीतली कुत्री गप्प होती. चिनारावरचे कावळे गप्प होते. नानवायाच्या रोट्यांच्या दुकानापाशी रोज सकाळी उठणारा गलका कोणी पोत्यात भरून नेल्यासारखा नाहीसा झाला होता. खिडकीला ठोकलेल्या प्लास्टिकच्या कागदातून दुधासारखा उजेड खोलीत झिरपत होता, आणि त्या उजेडात चहाचा तांब्याचा समोवारसुद्धा झोपेत असल्यासारखा दिसत होता.

"आलं गं बाई एकदाचं," ती पांघरुणातूनच पुटपुटली.

यंदा बर्फाने फार वाट पाहायला लावली होती. चिल्ला कलानचे, ऐन थंडीच्या त्या चाळीस दिवसांतले, निम्मे दिवस सरले तरी नुसती कोरडी, हाडं फोडणारी थंडी. बाटलीत तेल गोठलं, टोपलीत अंडी तडकली. दोरीवर वाळत घातलेला तिच्या नवऱ्याचा, समदचा, लांब लोकरी फेरन एका रात्रीत असा ताठ झाला, की दोरीवरून काढून भिंतीशी ठेवला तर हात पसरून उभाच राहिला. हाजराने त्याला "या, बसा, चहा घ्या" म्हटलं होतं. खरा समद तिथेच बसला होता, पण हसला नाही.

आताही तो निखाऱ्यांची कांगडी फेरनच्या आत घेऊन भिंतीला टेकून बसला होता. तिने नमकीन चहाचा पेला पुढे केला, तर त्याने हात बाहेरच काढले नाहीत.

"खाली ठेव."

"अहो, चहा आहे."

"असेल. आज मी कोणाच्या हातून काही घेत नाही. नवं बर्फ पडलंय."

घ्या! बायकोच्या हातचा चहासुद्धा नाही. पण त्याचंही खरंच होतं. पहिल्या बर्फाच्या दिवशी कोणी कापडात, वाडग्यात, कशातही चिमूटभर बर्फ लपवून तुमच्या हातात ठेवलं आणि तुम्ही ते बेसावधपणे घेतलंत, की संपलं. समोरचा म्हणणार "नवं बर्फ मुबारक!" आणि मागेल ते तुम्ही द्यायचं. समद ही पैज जन्मात हरला नव्हता. त्याचा धाकटा भाऊ लस्सा लहानपणी दर हिवाळ्यात त्याला फसवायला जायचा, पकडला जायचा आणि आईच्या मांडीत डोकं खुपसून रडायचा.

आता लस्साच्या मिशा पिकल्या होत्या. भिंतीपलीकडे राहत होता तो. दोघा भावांत बोलणं नव्हतं.

सासू झूना गेली, आणि घराची वाटणी करायला मोहल्ल्यातले बुजुर्ग दोर घेऊन आले. दोर धरला तो नेमका हमामच्या मधून गेला. हमामची खोली, म्हणजे तिची ती खालून तापणारी देवरी दगडाची फरशी, थोरल्या समदकडे आली. फरशीखाली जाळ घालायचं तोंड, पाण्याचा तांब्याचा हंडा आणि लाकडांची जागा मागच्या बोळात होती. ती गेली लस्साकडे. बुजुर्ग दाढ्या कुरवाळत म्हणाले, बरंच झालं, या निमित्ताने दोघं धरून राहतील. धरून राहतात! थोरला म्हणाला, मी मागणार नाही. धाकटा म्हणाला, त्याने तोंडाने मागितल्याशिवाय मी पेटवणार नाही. तेव्हापासून किती हिवाळे गेले, हमाम थंडगार पडून होता. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर सुंभ जाळायलाही कोणी तयार नव्हतं.

इतके दिवस ते चाललं. पण उद्या मुख्ता यायची होती.

मुख्ता हाजराची एकुलती लेक. दिवस भरायच्या आधीच बाळंत झाली होती. मुलगी झाली, दोन तळव्यांत मावेल एवढीशी. जिल्ह्याच्या इस्पितळात काचेच्या पेटीत राहून आता कुठे ती दूध ओढायला लागली होती. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, खोली रात्रंदिवस एकसारखी गरम हवी, आणि धूर अजिबात नको. ना कांगडी, ना लाकडाची बुखारी. विजेची शेगडी म्हणावी, तर वीज पाहुण्यासारखी, आली तर आली. काल फोनवर मुख्ता म्हणाली होती, "मौजी, तिकडे ऊब होणार नसेल तर सांग. सासूबाई म्हणतात, शहरात नणंदेकडे ठेवू."

"होईल की. का नाही होणार?" हाजरा म्हणाली होती. 

अंगणातला नळ मात्र दोन्ही घरांत मिळून एकच होता. दोरवाल्यांना तो कापता आला नसावा. हाजरा गवताची पेंढी घेऊन गेली, तर तिची धाकटी जाऊ पोशा आधीच तिथे उकिडवी बसून नळाखाली जाळ करत होती. पुरुष बोलत नव्हते, पण बायकांना पाणी लागतं.

"आपा, ऐकलंस का? पोटात गुरगुरतोय मेला, पण थेंब टाकत नाही."

"आपल्या घरच्यांसारखा," हाजरा म्हणाली.

पोशा फिस्सकन हसली. "मी काल परत सांगून पाहिलं, आपा. म्हणतात, थोरल्या लालाने एक शब्द टाकू दे. एकच."

"आणि हे म्हणतात, त्याला डोळे नाहीत का? दिसत नाही त्याला?"

"मग काय करायचं?"

हाजराने नळावर साचलेलं मऊ, कोरडं बर्फ बोटाने उचललं. बोटावर ते क्षणभर साखरेसारखं चमकलं. "लस्सा घरात आहे?"

"आहेत. पण आपा, आज ते माझ्या हातून टॉवेलसुद्धा घेईनात."

तरी हाजरा गेली. वाडग्यात बर्फ, त्यावर वाळवलेल्या सलगमच्या चकत्या, त्यावर फडकं. लस्सा ओसरीवर फावड्याचा दांडा ठोकत बसला होता.

"भावजी, मुख्तासाठी सलगम शिजवणार होते. चव बघता का?"

लस्साने दोन्ही हात पाठीमागे नेले. "भाभी, आज तुमच्याकडून मी सलामसुद्धा दुरूनच घेणार."

"इतका अविश्वास?"

"लालाच्या घरातून आलाय ना वाडगा?" तो हसला. मग फावडं बाजूला ठेवून म्हणाला, "जिंकला असतात तर काय मागितलं असतंत?"

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? हाजरा म्हणाली, "जाळ."

लस्साचं हसू मावळलं.  "ते तुम्ही मागायचं नाही भाभी," तो हळूच म्हणाला. "मागायचं त्याने. लहानपणापासून मी त्याच्याकडे मागत आलो. पतंग माग, अक्रोड माग, नदीवर ने म्हणून माग. त्याने कधी माझ्याकडे काही मागितलंय? मी काय इतका फाटका आहे, की माझ्याकडे मागण्यासारखं काही नसावं?"

 हाजराने वाडगा अंगणात उपडा केला आणि ती घरी परतली.

दुपारी पुन्हा बर्फ सुरू झालं. समद छपरावर चढून ते फावड्याने खाली लोटत होता, आणि दर थोड्या वेळाने धप्प असा आवाज येऊन घर किंचित हलायचं. हाजराने हमामची खोली उघडली. उद्या काय होईल ते होवो, झाडून तर ठेवावी. कांद्याची पोती बाहेर काढली. फरशी ओल्या फडक्याने पुसताना बोटं बधिर झाली, बादलीतलं पाणी गोठत होतं. तिने वर दोन घोंगड्या अंथरल्या, आणि जरा पाठ टेकावी म्हणून कुशीवर झाली.

बाहेर बर्फ पडत होतं आणि आतही काहीतरी पडत होतं, हलकं, पांढरं, न थांबणारं. त्या पांढऱ्यातून सासू झूना आली. कानातल्या चांदीच्या वाळ्या हलवत ती नेहमीच्या जागी बसली, जाळाच्या तोंडाजवळच्या भिंतीशी. "सरक गं," ती म्हणाली, "माझे पोरगे कुठे निजतील?" आणि मग दोघं आले, समद आणि लस्सा, लहान, लाल गालांचे, नाकं वाहणारे. एका घोंगडीत शिरून ते एकमेकांना लाथा मारू लागले. फरशी गरम होती. शेकोटीसारखी ती एका बाजूनेच भाजत नव्हती. खालून, सगळीकडून, ताज्या भाकरीसारखी ऊब येत होती. हाजराच्या नडग्यांतून ती ऊब गुडघ्यांत चढली, कमरेत चढली, आणि ती कुठल्या तरी जुन्या, सुखी हिवाळ्यात खोल खोल उतरत गेली. "मौजी," ती सासूला म्हणाली, "यांना सांगा ना काहीतरी." झूना म्हणाली, "मी काय सांगू? मी तर बर्फाखाली आहे."

"हाजरा! अगं शिडी धर, घसरतेय!" छपरावरून समद ओरडला.

ती दचकून उठली आणि तशीच बाहेर धावली. डोळ्यांत पाणी होतं. स्वप्नं बघायचं वय आहे का माझं, म्हणून तिने स्वतःलाच फटकारलं.

तिन्हीसांजेला दार वाजलं.

हाजराने उघडलं आणि ती जागीच थिजली. दारात लस्सा उभा होता, टोपीवर, खांद्यावर, मिशांवर बर्फ घेऊन. आई गेल्यापासून त्याने हा उंबरा ओलांडला नव्हता. आताही ओलांडला नाहीच. हातात चौकड्याच्या रुमालात बांधलेली पुरचुंडी होती. मागे पोशा, ओढणीचं टोक दातांत धरून.

समद आतून आला. भावाला पाहून थांबला. दोघांच्या तोंडच्या वाफा मध्ये भेटून विरत होत्या.

"लाला," लस्सा खाकरून म्हणाला, "भाजलेले अक्रोड आहेत. मुख्तासाठी." आणि त्याने पुरचुंडी पुढे केली.

हाजराने पाहिलं. पोशाने पाहिलं. समदनेही पाहिलं. पुरचुंडीतून पाणी ठिबकत होतं. टप, टप, उंबऱ्यावर. आणण्यात तरी घाई करावी माणसाने! पुरचुंडी फेरनच्या आत उबेला धरून दाराबाहेर हिंमत गोळा करत बराच वेळ उभा राहिला असणार, मेला. लहानपणी असाच पकडला जायचा, आणि या वयातही अक्कल तेवढीच.

समद थेंबांकडे पाहत राहिला. त्याचे हात फेरनच्या आत होते, छपरावरून उतरल्यापासून तिथेच होते. हाजराला वाटलं, आता हसेल. आता म्हणेल, "लस्सा, तुझ्या अक्रोडांना पाणी सुटलंय." म्हणाला, तर हा पुन्हा कधीच येणार नाही. 

समदने कांगडी खाली ठेवली. फेरनच्या बाह्यांतून दोन्ही हात बाहेर काढले, ओंजळ केली.

"दे," तो म्हणाला.

लस्सा गोंधळला. त्याने पुरचुंडी ओंजळीत ठेवली. गाठ सुटली, आणि भिजलेलं बर्फ समदच्या हातांवर पसरलं. 

"अहो, म्हणा ना!" पोशाने मागून नवऱ्याला ढोसलं.

"नवं… नवं बर्फ मुबारक, लाला."

"हरलो," समद म्हणाला. "माग."

लस्साने डोकं खाजवलं. टोपीवरचं बर्फ खाली पडलं. "मी कधी जिंकलोच नाही तुझ्याशी. काय मागायचं ते ठरवलंच नव्हतं." मग तो मान वर करून म्हणाला, "तू माग. हीच माझी मागणी. माझ्याकडे काहीतरी माग, लाला. तुझ्या तोंडाने."

बर्फ वितळून समदच्या मनगटांवरून बाह्यांत ओघळत होतं. त्याने हात झटकले नाहीत. त्याने हाजराकडे पाहिलं, आणि इतक्या वर्षांच्या संसारात तिने त्याचा चेहरा एवढा उघडा कधी पाहिला नव्हता.

"हमाम पेटव, लस्सा," तो म्हणाला.  "मुख्ताची पोर यायचीय. एवढीशी आहे. मला नाही जमत तिला ऊब द्यायला. मी दोन रात्री झोपलो नाही."

लस्साने फेरनच्या बाहीने नाक पुसलं. मग वाकून बूट काढले, मोजे काढले आणि उंबरा ओलांडून भावाचं कोपर धरलं. "तूही काढ मोजे. चल."

तो त्याला हमामच्या खोलीत घेऊन गेला. मागोमाग दोघी जावा गेल्या. समदने अनवाणी पाऊल घोंगडीबाहेर फरशीवर टेकवलं आणि पोळल्यासारखं वर उचललं. मग परत टेकवलं. मग दुसरं.

"कधी?" त्याने विचारलं.

"सकाळीच. भाभी वाडगा घेऊन आल्या, त्यानंतर. दगड तापायला दिवस लागतो ना. उद्यापर्यंत थांबलो असतो तर पोरीला थंडी वाजली असती."

"अरे, मग पेटवलाच होतास तर मला मागायला कशाला लावलंस?"

"ऐकायचं होतं," लस्सा म्हणाला.

 समद भिंतीला धरून खाली बसला, अगदी आईच्या जागेवर. मग हाताने बाजूची फरशी थोपटली. लस्सा तिथे बसला. एवढे थोराड दोन पुरुष, पण बसले ते गुडघे पोटाशी घेऊन.

हाजरा दारातच उभी होती. दुपारी इथे निजताना पडलं ते स्वप्न होतं, पण ती ऊब मात्र खरी होती. तिने वाकून तळहात दगडावर ठेवला. मग लाज सोडून गालही टेकवला. फरशीखाली, लस्साच्या बाजूला, लाकडं फुटत असल्याचा बारीक आवाज येत होता.

"आपा, रडतेस काय? मुख्ताला फोन कर," पोशा म्हणाली. "आणि अहो, मी दिलेले अक्रोड कुठायत?"

"खाल्ले," लस्सा म्हणाला. "दाराबाहेर उभा होतो ना, तेव्हा."