जिम्मीच्या घरात बांगडो

डोरथीने वडिलांना शिरोड्याहून मालवणला आणायचं ठरवलं, तेव्हा तिचा नवरा पास्कल एका शब्दानेही आड आला नाही. जासिंत म्हाताऱ्याच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं, वाचा गेली होती, आणि डोरथी त्याची एकुलती मुलगी. त्याला आणण्यात कुणालाच अडचण नव्हती. अडचण त्याच्या कुत्र्याची होती.

कुत्र्याचं नाव बांगडो. पाठीवर बांगडा माशासारखे काळसर पट्टे, म्हणून. डोरथीची आई गेल्यापासून म्हातारा आणि तो कुत्रा, दोघंच त्या घरात राहत. आजारानंतर जासिंत कुणाच्या हाकेला ओ देत नसे. पण बांगडो जवळ आला की त्याचा डावा हात हलायचा आणि ओठांतून काहीतरी अर्धंमुर्धं बाहेर पडायचं. त्याला मागे सोडून यावं असं डोरथीच्या मनातसुद्धा आलं नाही.

मालवणच्या घरात जिम्मी होता. पास्कल एसटीच्या डेपोत मेकॅनिक. जुन्या टायरांच्या ढिगात सापडलेलं पिल्लू त्याने एकदा खाकी शर्टात गुंडाळून घरी आणलं होतं. दोघांना मूलबाळ नव्हतं. पास्कलची सायकल वळणावर दिसायच्या आधीच जिम्मी फाटकाशी जाऊन बसलेला असे.

शहाऐंशीच्या दिवाळीनंतर टेंपो अंगणात येऊन उभा राहिला. डोरथीने काही विचार न करता मागचं फळकूट सोडलं. बांगडोने खाली उडी मारली आणि समोरच्या माडाच्या बुंध्याशी तंगडी वर केली. तोवर जिम्मी त्याच्या गळ्याशी आला होता. दोन कुत्र्यांचं एकच गाठोडं अंगणभर लोळत राहिलं. पास्कल मध्ये पडला आणि त्याच्या मनगटात दात रुतले. ते जिम्मीचेच होते.

दवाखान्यात पास्कलला बेंबीभोवतीची इंजेक्शनं सुरू झाली. सुजलेलं पोट घेऊन तो कामावर जाई. त्याने तक्रार केली नाही. पण त्याचं बोलणंही आटलं.

डोरथी शाळेत शिकवायची; तिने बिनपगारी रजा घेतली. एक कुत्रा घरात असला की दुसरा अंगणात. दार उघडायच्या आधी कोण कुठे बांधलाय ते बघायचं, मगच कडी काढायची. बांगडो म्हाताऱ्याच्या खोलीत गेला की जिम्मी बंद दाराशी नाक लावून बसे आणि फटीतून आत गुरगुरे. बांगडोला बाहेर काढलं की म्हातारा पेजेला तोंड लावत नसे. हळूहळू जिम्मीनेही खाणं सोडलं. रात्रीसुद्धा डोरथीचा कान त्या दाराकडे असायचा. एकदा जिम्मीने तिच्या पलंगाच्या खुरावर मुतून ठेवलं. तिने चप्पल उचलली.

"त्येका कित्याक मारतंस?" पास्कल म्हणाला. "घर त्येचा आसा."

तिने चप्पल खाली टाकली आणि फडकं आणलं.

मग एका रविवारी दुपारी कडी राहून गेली. पेजेचं भांडं घेऊन बाहेर येताना डोरथीनेच ती लावायची राहिली होती. या वेळी बांगडो तयारीत होता. त्याने जिम्मीचा कान फाडला. आरडाओरडा ऐकून जासिंत खाटेवरून उठायला गेला. ज्याला कुशीवर वळवायला दोन माणसं लागत, तो कुत्र्यासाठी उभा राहिला आणि उंबऱ्यावर तोंडावर आपटला. कपाळ फुटलं. डोरथी कुणाकडे धावू ते न कळून रक्तात मधोमध उभी राहिली.

पास्कलने कुत्रे वेगळे बांधले, मग दोघांनी मिळून म्हाताऱ्याला उचलून खाटेवर ठेवलं. जखम बांधून झाल्यावर पास्कल शांतपणे म्हणाला, "एकाक जावक होया, डोरथी. कोणाक ता तू ठरय."

ती विचार करून थकली. जिम्मी गेला तर पास्कल त्याच घरात राहून परका होईल, हे तिला दिसत होतं. बांगडो गेला तर बाबा जातील. शिरोड्यात कुणी कुत्रा ठेवून घेईना. तिथे सोडला तर बंद घराच्या पायरीवर उपाशी मरेल. शेवटी तिला वाटलं, मरायचाच असेल तर निदान हाल न होता मरू दे. बाबांना सांगू, पळाला. बाबांना विचारता तर येणारच नाही.

ती बांगडोला दोरीला धरून जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेली. वाटेत कुत्रा दोरीला न ओढता तिच्या पायाशी चालत होता, आणि तेच तिला सहन होईना. दवाखान्यातल्या गुरुदास डॉक्टरांना तिने शाळेतल्या मराठीत सांगितलं, "याला इंजेक्शन देऊन झोपवायचं आहे." डॉक्टरांनी आजार विचारला. आजार नव्हता. माणसांना चावतो का, विचारलं. चावत नव्हता. मग तिच्या तोंडून शाळेची भाषा निसटली. "माका आता कायच सुचना नाय, डॉक्टर," ती म्हणाली आणि सगळं सांगत सुटली.

ऐकून घेतल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "दोघांची पहिली गाठ कुठे पडली?"

"आमच्याच अंगणात."

"म्हणजे आपल्या घरात चोर घुसला असंच जिम्मीला वाटलं. दोघांचीही नाही अशा जागेत त्यांना रोज फिरवा. लांब लांब ठेवून. जमेलच असं नाही. नाही जमलं तर या, मी इथेच आहे."

घरी येऊन तिने पास्कलला सगळं सांगितलं, कुठे गेली होती तेसुद्धा. तो जिम्मीचा धड राहिलेला कान चोळत राहिला. दुसऱ्या दिवशी डेपोतून येताना त्याने दोन लांब, जाड दोऱ्या आणल्या.

संध्याकाळी किनाऱ्यावर पास्कल जिम्मीला घेऊन पुढे चालायचा, आणि हाक जेमतेम पोचेल एवढ्या अंतरावर मागून डोरथी बांगडोला घेऊन. "थांब." "आता चल." "पाण्याच्या बाजून ऱ्हव." कित्येक दिवस नवरा-बायकोत एवढंच बोलणं होई. रोज अंतर थोडं कमी करायचं. एकदा ते होडीच्या लांबीइतकं आलं, आणि जिम्मीने असा हिसका दिला की पास्कलच्या तळहाताची साल निघाली. डोरथी वाळूत बसली. उद्या डॉक्टरकडेच जाते, म्हणाली. माझ्यात आता काही उरलं नाही.

पास्कल तिच्याजवळ आला नाही, येऊ शकत नव्हता, दोरी हातात होती. तिथूनच म्हणाला, "फाल्या परत येवया."

दुसऱ्या दिवशी ते परत किनाऱ्यावर गेले. परत लांबून सुरुवात केली. नाताळ आला आणि गेला. एका संध्याकाळी बांगडोने जिम्मीची शेपटी हुंगली. जिम्मी ताठ झाला. पास्कल आणि डोरथीने दोऱ्या आवळून धरल्या. मग जिम्मी वळला आणि वाळूवर पडलेल्या सुक्या माशाकडे गेला. एवढंच झालं. त्या दिवशी चौघं एकदमच घरी आले. पास्कलने जिम्मीला आधी आत जाऊ दिलं, मग बांगडोला.

मैत्री त्यांची पुढेही झाली नाही. ताटल्या दोन टोकांनाच राहिल्या. पण दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं पडवीत एकमेकांकडे पाठ करून पडले होते, आणि मध्ये खुर्चीवर जासिंत बसला होता. डोरथी पेजेची वाटी घेऊन आली आणि पायरीवर टेकली. पास्कलने तिच्या हातातली वाटी काढून घेतली आणि म्हाताऱ्याला चमच्याने भरवू लागला. "अर्धी खाल्ली," त्याने थोड्या वेळाने तिला सांगितलं. ती खांबाला डोकं लावून गाढ झोपली होती.