लवदार घंटाळी

नजर अधू झाली तेव्हा मुलाने फर्मान काढलं, "आई, आता डोंगर बंद." वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या बाईंनी ते निमूटपणे ऐकलं आणि दुसऱ्याच सकाळी सुनेला गाडी काढायला लावली.

त्यांना भलताच राग आला होता, पण तो मुलाचा नव्हे. घंटाळीच्या झुडपाच्या दोन उपजाती. एकीचं पान खालून गुळगुळीत, दुसरीचं लवदार. लवदार घंटाळी या डोंगरावरून नामशेष झाली, असं निसर्गमंडळाने खुशाल जाहीर करून टाकलं होतं.

"गाडीतून उतरायचा कंटाळा मेल्यांना, दुसरं काय!"

सुनेचा हात धरून, दगडांना शिव्या घालत बाई चढल्या. वळणावर झुडपं फुलली होती. बाईंना नुसते पिवळे डाग दिसले. पान तोडून त्यांनी ते ओठांवरून फिरवलं. गुळगुळीत. पुढचंही तसंच. त्याच्या पुढचंही.

तेवढ्यात मुलाचा फोन. "कुठे आहेस?"

"तू नको म्हणालास तिथे."

"अगं, तुला दिसत नाही!"

"म्हणून तुझ्या बायकोला आणलंय. ठेव आता."

सून दमली होती. "आई, परतायचं का?"

बाईंनी हातातलं पान पुन्हा चाचपलं. मग एकदम कपाळावर हात मारला. "जून पानं तोडतेय मी! त्यांची लव झडून जाते. शेंड्याचं कोवळं पान दे."

खालच्या झुडपांचे शेंडे गुरांनी खाल्ले होते. सून कुरकुरत कड्याच्या बेचक्यात चढली आणि एक डहाळी घेऊन आली. बाईंनी पान ओठाला लावलं. मग पिशवीतलं भिंग काढून सुनेला दिलं.

"भिंगातून बघ. केस सुटे आहेत की चांदणीसारखे फुटलेले? सुटे तर गुळगुळीत जातीच्या कोवळ्या पानालाही असतात."

"चांदणीसारखे... आई, सगळीकडे चांदण्याच आहेत!"

"लवदार!" बाई इतक्या जोरात ओरडल्या की सून दचकली.

मंडळाच्या अध्यक्षांनी फोनवर आढेवेढे घेतले. "फोटोत नीट कळत नाही. आणि तुमची नजर..."

"फोटो राहू द्या. बूट घाला आणि या."

ते आले, धापा टाकत चढले, भिंगातून बराच वेळ पाहत राहिले. मंडळाला आपलं म्हणणं मागे घ्यावं लागलं.

मुलाची बंदी अजून कायम आहे. बाईंनीही ती उठवायला सांगितलेली नाही. त्या आपल्या जातात.