‘सकाय’ म्हणजे कधी

पस्तीस वर्षं कळसाडीच्या शिवारात पाणी कुणाच्या चारीला कधी जायचं हे उखाबाबा पाटकरी सांगत आले होते, आणि त्यांनी सांगितलेली पाळी कधी हुकली नव्हती. अक्षरं त्यांना सत्तेचाळिसाव्या वर्षी, प्रौढ साक्षरता वर्गात आली. आली तशी त्यांनी पाळीची सूचना स्वतःच्या हातानं लिहायला घेतली. आधी पाणीवापर संस्थेच्या फळ्यावर, आता मोबाइलवरून संस्थेच्या वेबसाइटवर. भाषा मात्र घरचीच, अहिराणी.

आणि बुधवारी त्याच सूचनेवरून बैठक बसली. मंगळवारी पाणी सुटलं, पण पूर्वेच्या चारीवरच्या अकरा जणांना पत्ताच नव्हता. त्यांतल्या भरतची केळी कोरडी राहिली होती. तो उखाबाबांकडे न बघता म्हणाला, “बाबा, तुमना हात थकना का?”

उखाबाबांनी मोबाइल पुढे केला. सोमवारी अकरा वाजता लिहिलेली सूचना तिथं होती : ‘सकाय पाणी सुटी. उगवतनी चारी पहिले.’

सूचना होती, पण ती लोकांपर्यंत नेणारं आता दुसरंच कुणी होतं. गावातल्या रतिलालची सून चेतना शहाद्याला संगणकाचं काम करायची. तिनं महिन्यापूर्वी संस्थेला फीड रीडर बसवून दिला होता. हवामान, बाजारभाव, संस्थेची पाळी, अशा दहा ठिकाणी जे नवं येईल ते हा रीडर एका जागी गोळा करायचा. एआय एजंट ते वाचून ज्याच्या कामाचं त्याच्या मोबाइलवर पाठवायचा. एजंट म्हटल्यावर पहिल्या दिवशी उखाबाबांनी विचारलं होतं, कापसाचा की विम्याचा? सगळे हसले होते.

आज कुणी हसत नव्हतं. सचिव भूपेंद्रभाईंनी तोडगा काढला, की यापुढे सूचना चेतना शुद्ध मराठीत लिहील, उखाबाबांनी तिला फोनवर तेवढं सांगायचं. तोडगा सगळ्यांना पटत चालला होता. उखाबाबांना मात्र कळत होतं, की आज आपण गप्प बसलो तर पाळी चुकल्याचं खापर कायमचं आपल्या अक्षरावर फुटणार.

त्यांनी बैठकीला आलेल्या चेतनाला विचारलं, “त्या एजंटले रीडर कसा वापराना, हाई कोन सांगस?”

चेतना म्हणाली, त्याच्यासाठी एक पान लिहिलंय. रीडर उघडायचा कसा, नवं ओळखायचं कसं, काय पाठवायचं, काय नाही. एजंट रोज ते पान वाचतो आणि शब्दाला शब्द धरून वागतो.

“मंग ते पान वाच,” उखाबाबा म्हणाले.

चेतना वाचत गेली. सातव्या ओळीवर उखाबाबांनी हात वर केला. तिथं लिहिलं होतं : ‘ज्या सूचनेची वेळ उलटून गेली आहे, ती पाठवू नये.’

त्यांनी ती ओळ पुन्हा वाचायला लावली. मग तिला विचारलं, सकाय म्हणजे काय?

“सकाय म्हंजे सकाय,” चेतना म्हणाली. “आजना दुसरा दिन.”

“तुले म्हाईत शे. त्याले कोनी सांगं?”

 चेतनानं कपाळाला हात लावला. एजंट पुस्तकी मराठी शिकलेला. त्यानं सकाय म्हणजे सकाळ धरली. सूचना अकराची, सकाळ तर होऊन गेलेली, म्हणजे वेळ उलटली. त्यानं ओळ पाळली आणि सूचना गाळली. जन्मभर हा शब्द बोलत आल्यामुळे तो समजावून सांगावा लागेल हे चेतनाच्या मनातही आलं नव्हतं.

उखाबाबा म्हणाले, वर्गातल्या मास्तरांचंही असंच झालं होतं. ते साताऱ्याकडचे. आम्ही सकाय येतो म्हणालो, तर बिचारे दुसऱ्या दिवशी सकाळी सातपासून खडू घेऊन बसले. आम्ही गेलो संध्याकाळी. मास्तरांनी भाषा बदला म्हटलं नाही, त्यांनी शब्द विचारून घेतला.

भूपेंद्रभाईंनी शुद्ध मराठीचा विषय पुन्हा काढला नाही.

चेतनानं तिथंच पान उघडून लिहिलं : सकाय म्हणजे उद्या. उखाबाबांनी मान हलवली. तेवढ्यानं भागणार नव्हतं. नुसतं सकाय म्हणजे उद्या, पण ‘सकायना पारे’ म्हणजे सकाळी, दोन्ही लिही. तिनं लिहिलं. मग त्यांनी मोबाइल आपल्याकडे घेतला आणि खाली एक ओळ स्वतः लिहिली, एकेक अक्षर शोधत. कुणी घाई केली नाही.

‘शब्द समजला नाही तर सूचना गाळू नये. उखाला विचारावे.’

चेतनानं सोमवारचीच सूचना एजंटला पुन्हा दिली. उत्तर आलं : पाणी मंगळवारी, पूर्वेची चारी आधी. भरतनं ते दोनदा वाचलं आणि म्हणाला, पुढची पाळी कधी तेही आत्ताच लिहून टाका, बाबा.

उखाबाबांनी लिहिलं : ‘सुक्करवारले तिपारले पाणी सुटी. उगवतनी चारी पहिले.’

मिनिटभरात त्यांचाच मोबाइल वाजला. एजंट विचारत होता, तिपार म्हणजे किती वाजता?

उखाबाबांनी तो प्रश्न सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. मग चष्मा पुसला आणि उत्तर लिहायला घेतलं.