कळवलेला आकडा

लोरीन वोंद्रा माणसांच्या टोप्यांकडे बघत अंगठा दाबत होती. एक टोपी, एक दाब. तळहातातलं मोजायचं यंत्र दर वेळी टक् करायचं. काउंटी कोर्टासमोरच्या हिरवळीवर ती उत्तरेच्या कडेनं निघाली होती. कुणी बोलायला थांबवलंच, तर डावा हात वर करून ती पुढे सरकायची. पाद्रीबाईंनी कागदी पेल्यात कॉफी पुढे केली, तर त्यांनाही तिनं आधी मोजलं आणि मग मान हलवून नको म्हटलं.

मार्चचा वारा होता. पुठ्ठ्याचे फलक धरायला दोन दोन हात लागत होते. 'आमचं होम आमच्याच गावात' असं लिहिलेला एक फलक उडून पोस्टाच्या भिंतीला चिकटला होता आणि तो आणायला जायचा उत्साह कुणातच उरला नव्हता. म्हाताऱ्या, आजारी माणसांना सांभाळणारी गावोगावची होम वाचवायला या हिवाळ्यातलं हे तिसरं आंदोलन. सगळ्या नेब्रास्कात, एकाच शनिवारी, एकाच वेळी, एकेचाळीस गावांत. राजधानी लिंकनमधल्या समितीनं ठरवून दिलं होतं: बरोबर साडेबाराला मोजायचं, पाय मैदानात असतील त्यांनाच धरायचं, आणि दोनच्या आत लिंकनला फोन करायचा.

हिरवळीच्या चारी बाजूंना पिकअप गाड्या लागल्या होत्या. इंजिनं चालू, काचा वर. सायब्रुकमध्ये फुटबॉलचा सामनाही लोक असाच बघतात आणि नाताळची मिरवणूकही. गाडीतून उतरलं की माणूस काहीतरी ठरवून आलाय असं दिसतं, आणि तसं दिसू नये म्हणून इथली माणसं फार जपतात.

ड्वेन केलर काच खाली करून म्हणाला, "काय लोरीन, भरला का काटा?"

"उतर खाली."

"उतरलो तर मोजशील."

"मग मी इथे थंडीत काय टोप्यांचे रंग बघतेय?"

"माझा भाऊ तिकडे दुकानाच्या दारात उभा आहे. आमच्या घरची मतं कुठे जातात, तुला माहीत आहे."

"तुझी आई होममध्ये आहे ना?"

"म्हणून तर आलोय."

"आलायस कुठे? गाडीत बसलायस."

ड्वेननं उत्तरादाखल हॉर्न वाजवला. त्याचं ऐकून आणखी चार गाड्यांनी वाजवला आणि हिरवळीवरच्या लोकांनी त्यांना हात केले. लोरीननं अंगठा उचलूनच धरला होता. तिनं गाडीतल्या एकालाही धरलं नाही. मग ती दक्षिणेकडून पुन्हा फिरली. पहिल्या फेरीत एकशे बारा, दुसऱ्या फेरीत एकशे बारा.

तीस वर्षं ती धान्याच्या कोठारावर वजनकाटा सांभाळत होती. भरला ट्रक काट्यावर, मग रिकामा ट्रक, मग ओलाव्यासाठी आणि कचऱ्यासाठी वजनातून वजा करायचा कडता. अर्ध्या काउंटीनं तिच्याशी कडत्यावरून भांडण केलं होतं, पण काट्यावरून कधीच कुणी केलं नव्हतं. म्हणून तर या वेळी गेलनं मोजायचं काम तिच्या गळ्यात घातलं.

गेल ही गावातली आयोजक. वय चव्वेचाळीस, होममध्येच नर्स, रात्रपाळी करून आलेली. लहानपणी वडिलांच्या ट्रकमध्ये बसून काट्यावर यायची, त्यामुळे अजूनही लोरीनला 'मिसेस वोंद्रा' म्हणायची. चर्चच्या तळघरात कॉफीच्या मोठ्या भांड्याजवळ ती खुर्चीत बसली होती, एक बूट काढून पाय चोळत.

"किती?"

"एकशे बारा."

गेलनं डोळे मिटले. शंभरावर आकडा गेला होता. शंभर हीच सगळी गोष्ट होती. होमचं अनुदान बंद करायचं विधेयक या महिन्यात सुनावणीला येणार होतं, लिंकनला, गाडीनं अडीच तासांवर. होममधल्या बावन्न जणांपैकी अडीच तास गाडीत बसू शकतील असे चार होते. त्यांच्या मतदारसंघाचे सिनेटर शेवटी वैतागून म्हणाले होते की, समितीच्या तक्त्यात सायब्रुकपुढे शंभर माणसं दिसली तर सुनावणी मी सायब्रुकमध्ये घेईन, होमच्या जेवणघरात. तुमचे ते गणिताचे मास्तर तक्ता करतात ना, त्यांच्यावर माझा विश्वास आहे.

लोरीनचा नवरा एमिल त्या जेवणघरात रोज खिडकीजवळ बसायचा. होम बंद झालं तर सगळ्यात जवळची जागा ऐंशी मैलांवर होती. लोरीन आता अंधारात गाडी चालवत नव्हती. रोज दुपारी चारला ती त्याला भरवायची, कारण दुसऱ्या कुणाच्या हातून तो तोंड उघडत नसे. ऐंशी मैलांवर ते जमणार नव्हतं. याच्यापुढचा विचार ती करत नसे.

"मिसेस वोंद्रा," गेल म्हणाली, "फोन करायच्या आधी एक सांगायचंय. तो तक्ता करणारा वॉरन एक तृतीयांश कापतो."

"काय कापतो?"

"आकडा. प्रत्येक गावाचा. मागे सगळ्यांनी फुगवून सांगितले आणि वर्तमानपत्रानं वरून काढलेले फोटो छापले. समितीची अब्रू गेली. तेव्हापासून जो सांगाल त्यातून तिसरा हिस्सा वजा. तक्त्यात दोन रकाने असतात, कळवलेला आणि नोंदवलेला. लोक दुसराच बघतात."

"आपण फुगवून सांगितला होता?"

गेल पायाकडे बघत राहिली. "दोनशे सांगितले होते मी. होती ऐंशी. मला वाटलं, सगळेच सांगतात."

 कुणीतरी ठेवलेल्या कोलाच्यांच्या, म्हणजे फळांचा मुरंबा भरलेल्या गोड पावांच्या, ताटातून लोरीननं एक उचलला, जर्दाळूचा, आणि न खाता परत ठेवला. एकशे बारातून तिसरा हिस्सा गेला म्हणजे पंचाहत्तर. गेलनं मात्र हिशेब आधीच केला होता. कागदी रुमालावर पेननं लिहिलेला आकडा तिनं टेबलावरून सरकवला. १६८.

"एवढे सांगितले की बरोबर एकशे बारा नोंदवले जातात. खरं तेच लिहिलं जाईल, मिसेस वोंद्रा. आपण खोटं कुठे बोलतोय?"

"मी बोलतेय," लोरीन म्हणाली.

पण रुमाल तिनं परत केला नाही. तिनं लिंकनला फोन लावला आणि गेललाही ऐकू यावं म्हणून आवाज मोठा करून टेबलावर ठेवला.

वॉरन हा निवृत्त शिक्षक. त्याचा आवाज घसा बसलेल्या माणसाचा होता. "सायब्रुक? हं. गेल्या वेळी दोनशे कळवले होते. फोटोत ऐंशी."

"या वेळी मी मोजलंय. लोरीन वोंद्रा. तुम्ही तिसरा हिस्सा कापता म्हणे."

"सगळ्यांचाच कापतो."

"आणि एखाद्यानं खरोखर मोजलं असेल तर?"

"बाई, साडेबारापासून बावीस गावांचे फोन झाले. बावीसच्या बावीस जणांनी खरोखर मोजलंय."

लोरीनला या वाक्यावर राग यायला हवा होता. पण हेच वाक्य ती स्वतः तीस वर्षं काट्याच्या खिडकीतून म्हणत आली होती. शेतकरी म्हणायचा, माझा मका कोरडा आहे, लोरीन, शपथेवर सांगतो. ती म्हणायची, सगळ्यांचाच कोरडा असतो, पुढचा ट्रक. त्यांतल्या काहींचा खरोखर कोरडा असणार. हे तिला तेव्हाही माहीत होतं आणि तरी तिनं कडता कापला होता, कारण एकाला सोडलं की रांग लागते.

"आकडा सांगताय ना?" वॉरन म्हणाला. "अजून अठरा गावं आहेत."

लोरीननं रुमालाकडे पाहिलं.

"एकशे अडुसष्ट," ती म्हणाली.

पलीकडे कळा दाबल्याचा आवाज आला आणि थांबला.

"एकशे अडुसष्ट?"

"हो."

"मोजलेत कसे?"

"दोनदा फिरले. उत्तरेकडून एकदा, दक्षिणेकडून एकदा. हातात यंत्र घेऊन. गाडीत बसलेले धरले नाहीत."

"गाडीतले धरले नाहीत," वॉरन स्वतःशीच म्हणाल्यासारखा म्हणाला. त्याच्या आवाजातला शीण जरा उतरला. "सांगू का तुम्हाला, साडेबारापासून मला काय ऐकवलंय लोकांनी? दीडशे. तीनशे. अडीचशे. पाचशे. सगळे गोल आकडे. मोजलेला आकडा कधी असा गोल असतो का? चाळीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्यात मी, बनवलेलं उत्तर मला कळतं. तुम्ही पहिल्या आहात आज. तुमचे नाही कापत. एकशे अडुसष्ट कळवले, एकशे अडुसष्टच नोंदवतो."

गेलनं दोन्ही हात तोंडावर धरले. तिचे डोळे हसत होते.

लोरीन मात्र खुर्चीवर बसली. एकशे बाराही गोल नव्हता. खरं सांगितलं असतं तरी या माणसानं मानलं असतं. तिला एवढंच करायचं होतं की जे मोजलं ते म्हणायचं, आणि तेवढंच तिनं केलं नव्हतं. लाज वाटली तिला, साधी. आणि सगळ्यात जास्त लाज याची की त्यानं विश्वास ठेवला होता.

"कापा," ती म्हणाली.

"काय?"

"नियमाप्रमाणे कापा."

गेल जोरजोरात मान हलवत होती.  गणिताच्या मास्तराला तेवढ्या वजाबाकीला जेवढा वेळ लागावा, त्याहून जरा जास्तच गेला.

"एकशे बारा होतात," वॉरन म्हणाला.

"हो."

"तेवढीच होती?"

"तेवढीच. दोन्ही फेऱ्यांना."

 मग त्यानं सुस्कारा टाकला. तो रागाचा नव्हता.

"असं आहे, मिसेस वोंद्रा. कळवलेल्या रकान्यात मी एकशे बारा घातले, तर तो बदललेला आकडा झाला. बदललेला मला कापावाच लागतो, त्याला सूट नाही. तुमचे पंचाहत्तर होतील. किंवा आहे तसा एकशे अडुसष्ट ठेवून नियमानं कापतो. मग नोंदीला एकशे बारा. पण कळवलेल्याच्या पुढे मोजणाऱ्याचं नाव छापतो आम्ही. मी नाही ठरवलं ते, फोटोंच्या भानगडीनंतर ठरलंय."

"छापून कुठे येतं?"

"तीन वाजता समितीच्या पानावर. मग गावोगावची साप्ताहिकं घेतात."

सायब्रुकचं साप्ताहिक गुरुवारी यायचं. ते प्रत्येक घरात जायचं, होममध्ये दोन प्रती जायच्या, कोठाराच्या ऑफिसात एक. तिथे ती टेबलावर पडलेली असे आणि ट्रक रिकामा होईस्तोवर शेतकरी ती चाळत बसत.

"मिसेस वोंद्रा?" वॉरन म्हणाला. "मला दुसरा फोन येतोय."

"कापून लिहा," लोरीन म्हणाली. "एकशे बारा."

"आणि नाव?"

तिनं नाव सांगितलं, आडनावाची अक्षरं एकेक करून सांगितली, कारण लोक ते चुकीचं लिहितात.

पावणेचार वाजेपर्यंत त्या दोघींनी तळघर आवरलं. कॉफीचं भांडं धुतलं, फलक जिन्याखाली रचले, उरलेले कोलाचे होमच्या स्वयंपाकघरासाठी बांधले.  मग गेलनं फोनवर पान उघडलं आणि बोटानं खाली खाली सरकवत सायब्रुकपाशी थांबली. कळवलेला १६८, लोरीन वोंद्रा. नोंदवलेला ११२.

वाचून दाखवताना आधी तिला आनंद झाला आणि मग तिचा आवाज खाली गेला.

"मी खुलासा लिहिते," गेल म्हणाली. "आकडा मी लिहून दिला होता, तुम्ही नव्हे. साप्ताहिकात पत्र देते."

"दिलंस तर सिनेटरही ते पत्र वाचतील, आकडा ठरवून फुगवला हे त्यांना कळेल. मग सुनावणी राहिली बाजूला."

"पण सगळे काय म्हणतील? लोरीनबाईंनी पण फुगवला, म्हणतील. ते कोठारावरचे तर वर्षभर तुम्हाला सोडणार नाहीत."

"नाहीच सोडणार."

"तीस वर्षांत तुमच्या आकड्याला कुणी बोट लावलं नव्हतं हो. आणि आता तुमचं नाव त्या एकशे अडुसष्टच्या पुढे."

लोरीननं कोट चढवला. थंडीच्या दिवसांत तिची बोटं धड वळत नसत, म्हणून तिनं गेलला चेन लावायला सांगितली आणि ती लावून होईपर्यंत हनुवटी वर करून उभी राहिली.

"ओळ तीच आहे," ती म्हणाली. "एकशे बाराही माझ्याच नावापुढे आहेत."

मग कोलाच्यांचं पुडकं उचलून ती जिना चढायला लागली. चार वाजायला आले होते आणि एमिल जेवायचा थांबला असणार होता.