मनुष्यबळ बचत : एक

“सुधारणा करणं सोपं असतं, ती टिकवणं अवघड. म्हणून आता प्रत्येक टीमच्या हातात साधनं देतोय,” देवेश सर म्हणाले आणि त्यांनी निळी बॅग टेबलावर उपडी केली. स्टॉपवॉच, तपासणीचे तक्ते, लाल-हिरव्या चकत्या, एक टॅब.

साहेबराव मागच्या रांगेत बसला होता. पहिली पाळी तीनला सुटली होती आणि गारखेड्याला जाणारी कंपनीची बस तीन वीसला निघून गेली होती. आठ तास ड्रिल मशिनपुढं उभं राहून पाय बुटात सुजले होते. पुण्याहून आलेला हा सल्लागार त्याच्या पोराच्या वयाचा. सव्वीस वर्षांत साहेबरावनं असे सहा बघितले होते. दर वेळी कार्यक्रमाचं नाव नवं, चहा तोच पाणचट.

“तुमच्या लाइनची मागच्या वर्षीची बेस्ट सुधारणा कुठली?”

लाइनचा सुपरवायझर राजेंद्र उभा राहिला. “सर, साहेबरावांची घसरपट्टी. फोटो बी लागलाय बोर्डावर.”

टाळ्या वाजल्या. साहेबराव खाली बघत राहिला.

वाळूजच्या या कारखान्यात इंजिनाची अ‍ॅल्युमिनियमची झाकणं बनतात. साहेबराव त्यांना भोकं पाडतो. बारा फुटांवर पाण्याची टाकी. तिथं करुणा प्रत्येक झाकण बुडवून बुडबुडा येतो का बघते. भरलेला ट्रे ड्रिलपासून टाकीपर्यंत न्यायचं कामही तिचंच. ट्रे चौदा किलोचा. मागच्या वर्षी तिची गर्भाची पिशवी काढली. डॉक्टरनं वजन उचलू नको म्हणून सांगितलं आणि ती सतराव्या दिवशी कामावर आली. ठेक्यावरची बाई, अठरावा दिवस तिला परवडणारा नव्हता. ट्रे ठेवला की ती टाकीच्या कडेला धरून उभी राहायची. साहेबरावनं हे महिनाभर बघितलं. मग भंगारातले लोखंडी अँगल आणि नायलॉनची पट्टी घेऊन त्यानं तीन रविवार घालवले. ड्रिलपासून टाकीपर्यंत उतरती पट्टी. झाकण टाकलं की आपोआप घसरत करुणाच्या हाताशी. ट्रे बंद.

ही झाली सुधारणा. पण कारखान्यात सुधारणा कागदावर उतरल्याशिवाय होत नाही. फॉर्म दोनदा परत आला होता.

“मनुष्यबळ बचतीचा रकाना कोरा हाय,” राजेंद्र म्हणाला होता.

“काय लिहू? बाईला वजन उचलावं लागत नाय, एवढंच झालं.”

“तसा रकाना नाय. एक टाका. समदेच टाकतात, मार्क मिळतात. मोजायला कोण येतंय?”

साहेबरावनं एक टाकला. खालचे खोटं लिहितात, मधले सही करतात, वरचे आकडा भिंतीवर लावतात आणि सगळे आपापल्या कामाला लागतात. अशी या कारखान्यांची रीत आहे.

आता तो मोजणारा आला होता. देवेश सरांनी टॅबवर बोट फिरवलं. “मनुष्यबळ बचत, एक. छान. आज लाइनवर किती जण आहेत?”

“दोन,” राजेंद्र म्हणाला.

“आणि घसरपट्टीच्या आधी?”

राजेंद्रनं घसा खाकरला. “दोनच.”

“मग जो वाचला तो कुठंय?” सर हसले. कुणाला वाईट वाटू नये म्हणून हसले, एवढा चांगला होता पोरगा. “म्हणजे सुधारणा टिकलेली नाही. भोक पडेपर्यंत ड्रिलवाला मोकळाच असतो ना? पाण्यातली तपासणी तोच करू शकतो. शुक्रवारी मी स्वतः येतो, स्टॉपवॉच लावू.”

बोर्डावर साहेबरावच्या फोटोशेजारी लाल चकती चिकटली.

बाहेर आल्यावर साहेबरावनं राजेंद्रला गाठलं. “तुमी म्हणले व्हते, एक टाका.”

“म्हणलो व्हतो. आता म्हणतो, गप राहा. तुमची नोकरी पक्की हाय, पाच वर्सं राहिली. तुमाला कोण हात लावतंय?”

“अन् तिला?”

ठेक्यावरच्या माणसाला काढायला नोटीस लागत नाही. ठेकेदाराला एक फोन जातो, दुसऱ्या दिवशी गेटवर कार्ड चालत नाही.

सकाळी चहाच्या सुट्टीत साहेबरावनं सांगून टाकलं. “करुणा, तुझ्या जागेवर लाल चकती लागली.”

“कामून? एक बी गळका पीस गेला नाय भाऊ माझ्या हातून.”

“तुझं नाय चुकलं. माझं चुकलं.” त्यानं रकान्याचं, आकड्याचं, शुक्रवारचं सगळं सांगितलं.

करुणा कपातल्या चहाकडं बघत ऐकत राहिली. मग एकदम हसली. “म्हंजे कागदावर मी कवाच घरी गेलेली! अन् इथं वर्सभर भूत काम करतंय, व्हय?”

“हसू नको. मी सरांना सरळ सांगतो. म्हणतो, बाईला वजन झेपत नाय म्हणून केलं व्हतं.”

“सांगा. मंग इचारतील, झेपत नाय तर ठेवली कशाला?”

हे साहेबरावच्या डोक्यात आलं नव्हतं.

“पट्टी काढा,” करुणा म्हणाली.

“येडी झाली का तू?”

“पट्टी नाय तर ट्रे आला. ट्रे आला तर न्यायला माणूस लागतंच. पोरीची नर्सिंगची दोन वर्सं ऱ्हायलीत भाऊ. दोन वर्सं उचलते मी.”

“फाटलंबिटलं आत काही तर?”

“त्याचं मी बघते. तुमी काढा.”

नुसती काढून चालणार नव्हतं. चांगली चालणारी पट्टी काढायला कारण लागतं. शुक्रवारी सकाळी साहेबराव अर्धा तास आधी आला. त्यानं घसरपट्टीवरचं नायलॉन उपसून काढलं आणि कोऱ्या लोखंडावरून पंचवीस झाकणं सोडली. प्रत्येकावर लांब ओरखडा उठला. सव्वीस वर्षांत त्याच्या मशिनवरून खराब माल गेला असेल, पण त्यानं हातानं खराब केलेला हा पहिला. पंचविसावं झाकण सोडून झालं तेव्हा त्यानं ते नायलॉन भंगाराच्या पिंपात टाकलं.

देवेश सरांनी ओरखडे बघितले. “हे फॉर्मवर का नव्हतं?”

“आता आता येतंय सर. नायलॉन झिजतं.”

“बदला मग.”

“दोनदा बदललं. पुन्हा तेच.”

राजेंद्रनं एक झाकण उचललं, ओरखड्यावरून अंगठा फिरवला. तोही पूर्वी ऑपरेटर होता. नायलॉन किती वर्षं टिकतं ते त्याला ठाऊक होतं. त्यानं साहेबरावकडं बघितलं, मग टाकीपाशी उभ्या करुणाकडं.

“क्वालिटीची भानगड हाय सर,” तो म्हणाला. “गिऱ्हाइकाकडून माल परत आला तर तुमच्या-माझ्या अंगावर येईल.”

सरांनी टॅबवर लिहिलं आणि वाचून दाखवलं. “सुधारणा रद्द. जुनी पद्धत पूर्ववत. कारण, रचनेतला दोष.” मग विचारलं, “रचना कुणाची होती?”

“माझीच.”

“इथं सही करा.”

साहेबरावनं बोटानं सही केली. शेजारच्या लाइनकडं निघायच्या आधी सरांनी बोर्डावरचा फोटो उतरवला, आणि तो कुठं ठेवावा हे न सुचून साहेबरावच्याच हातात दिला. साहेबरावनं तो घडी करून खिशात घातला आणि पाना घेतला. अकरा बोल्ट होते. तीन रविवारांचं काम वीस मिनिटांत उतरलं. अँगल भंगाराच्या पिंपाशेजारी उभे केले.

मशिन पुन्हा सुरू झालं. पहिला ट्रे भरला. नकळत साहेबरावनं दोन्ही हात ट्रेखाली घातले आणि तिथंच थांबला. देवेश सर शेजारच्या लाइनवर स्टॉपवॉच घेऊन उभे होते. ड्रिलवाल्यानं ट्रे नेला असता तर एकाच माणसात भागतं हे सिद्ध झालं असतं. त्यानं हात काढून घेतले.

करुणा आली. तिनं पदर खोचला. “सरका भाऊ.”

तो सरकला आणि मशिनकडं तोंड करून उभा राहिला. मागं पावलं ऐकू आली, जड, एकामागं एक. तो मोजत राहिला. बारा फूट संपले. लोखंडी टाकीच्या कडेवर भरलेला ट्रे टेकला की धाडकन आवाज होतो, शेवटच्या इंचाला हात सुटतोच.

आवाज झाला नाही. तिनं तो शेवटपर्यंत धरून, अगदी हळू टेकवला होता.

साहेबरावनं पुढचं झाकण मशिनला लावलं.